हॅश टेबल हाताने बांधूया, किल्ल्या आपल्याच जिल्ह्याच्या

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)

पायथॉनची डिक्शनरी आणि जावाचा हॅशमॅप रोज वापरणाऱ्या पोरांना "आत नेमकं काय चालतं?" असं विचारलं की बहुतेक जण गप्प बसतात. आमच्याकडे रविवारी सकाळी बीसीए आणि डिप्लोमाची काही मुलं शिकायला येतात. त्यांच्यासोबत हॅश टेबल मुळापासून बांधायचं ठरवलंय. लायब्ररी नाही, नुसती ॲरे (क्रमांक दिलेल्या खणांची रांग). भाषा ज्याला जी येते ती. अट एकच, किल्ल्या (म्हणजे ज्या नावाने नोंद ठेवायची आणि शोधायची ती नावं) मराठी हव्यात. ट्यूटोरियलमध्ये सगळीकडे इंग्रजी फळांची नावं असतात आणि त्यात काही गोष्टी दिसतच नाहीत. त्या मराठी किल्ल्यांनी लगेच वर येतात.

आधी कल्पना. सुताच्या व्यापाऱ्याची खतावणी आठवा. पुढच्या पानांवर अक्षरवार अनुक्रमणिका असते, नावाचं पहिलं अक्षर बघायचं आणि त्या पानावर जायचं. पूर्ण वही चाळायची गरज नाही. नावावरून पान ठरवण्याचा तो नियम म्हणजेच हॅश फंक्शन आणि ते पान म्हणजे बकेट. आता अशी वही सोलापुरात ठेवून बघा. सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्धप्पा, सिद्धलिंग, शिवाय सुरेश, संजय, सुनील. 'स'चं पान भरून पुरवणी लावावी लागते आणि 'ठ'चं पान वर्षभर कोरं. म्हणजे पहिल्या अक्षरावर भागत नाही, नावातलं प्रत्येक अक्षर हिशेबात यायला हवं.

सी मध्ये लिहिणाऱ्यांनी इथे जास्त जपा. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. त्यातला पहिला बाइट कायम २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. पहिल्या बाइटवर हॅश केलं तर अख्खा महाराष्ट्र एकाच बकेटमध्ये.

मग सगळ्या अक्षरांच्या कोडांची बेरीज करावी का? युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक असतो, तोच त्याचा कोड: र २३५२, काना २३६६, म २३५०. राम, रमा, मार आणि मरा या चारही शब्दांची बेरीज ७०६८. वाल्मीकीच्या गोष्टीत 'मरा मरा'चं 'राम' झालं ते अक्षरांचा क्रम बदलल्यामुळे. बेरजेला क्रम कळत नाही. कलम आणि कमल, मगर आणि गरम, सगळ्यांची तीच कथा.

म्हणून क्रमाला वजन द्यायचं. जावाच्या स्ट्रिंगमध्ये हेच सूत्र आहे:

```
हॅश(किल्ली):
    ह = ०
    किल्लीतला प्रत्येक कोड क घेऊन:
        ह = ह × ३१ + क
    ह परत दे
```

१६ बकेटचं टेबल घेतलं तर या आकड्याला १६ ने भागून उरलेली बाकी (कोडमध्ये `% १६`) म्हणजे बकेट क्रमांक. आपल्या जिल्ह्याचे ११ तालुके टाकले तेव्हा असं आलं:

पंढरपूर २
मोहोळ ४, माळशिरस ४
करमाळा ६, दक्षिण सोलापूर ६
उत्तर सोलापूर ७
बार्शी ९
माढा १२, सांगोला १२
मंगळवेढा १४
अक्कलकोट १५

तीन ठिकाणी टक्कर, म्हणजे एकाच बकेटमध्ये दोन किल्ल्या, आणि ८ बकेट रिकामी. बघून मुलांना वाटतं की फंक्शन बिघडलंय. तसं नाही. ११ वस्तू १६ खणांत अगदी आंधळेपणाने टाकल्या तर एकही टक्कर न होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते. टक्कर होणारच हे धरूनच बांधकाम करायचं. सगळ्यात सोपा मार्ग असा, की प्रत्येक बकेटमध्ये एक छोटी यादी ठेवायची:

```
ठेव(किल्ली, मूल्य):
    जागा = हॅश(किल्ली) % १६
    बकेट[जागा] मधली प्रत्येक जोडी बघ:
        जोडीची किल्ली == किल्ली असेल तर मूल्य बदल आणि थांब
    कुठेच सापडली नाही तर नवी जोडी यादीत घाल
    मोजणी १ ने वाढव
```

यातली '==' ची ओळ सगळ्यात महत्त्वाची. माढा शोधताना आपण १२ व्या बकेटमध्ये पोचतो, पण तिथे सांगोलाही बसलेला आहे. बकेट जुळली म्हणून किल्ली जुळली असं होत नाही. यादीत जोडीसोबत मूळ किल्ली ठेवावीच लागते.

पोरांनो, इथवर लिहून काय येतं ते टाका. जाणकारांनी भर घालावी.

कोरीपाटी

सर, मी जावात लिहिलं. माढा नीट बसतो, पण मोहोळ टाकला की ॲरेच्या बाहेर गेल्याची एरर येते. प्रिंट केलं तर जागा −१२ येते. सूत्र तर तेच आहे. बार्शीला काही होत नाही, मोहोळलाच का?

सातरस्ता

कोरीपाटी, चांगल्या जागी बोट ठेवलंस. जावाचा इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) ३२ बिटांचा असतो आणि त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. मोहोळचे कोड पाच: म, ओकार, ह, ओकार, ळ. सूत्राप्रमाणे त्यांचं उत्तर येतं २,२४,३४,९२,१६४. ते मर्यादेत मावत नाही, म्हणून उलटून −२,०५,१४,७५,१३२ होतं. जावात ऋण आकड्याची बाकीही ऋण येते, म्हणून −१२. माढ्याचे कोड चारच आहेत, ते मर्यादेत राहतात.

आणि हे फक्त मोहोळचं नाही. देवनागरीचे सगळे कोड २३०४ ते २४३१ या पट्ट्यात असतात. पाच कोडांचा कुठलाही देवनागरी शब्द घे, सर्वांत लहान हॅश २१९ कोटींच्या पुढे आणि सर्वांत मोठा २३२ कोटींच्या आत. म्हणजे पाच कोडांचा प्रत्येक देवनागरी शब्द जावात ऋणच येतो, एकही अपवाद नाही. छोट्या लिपीतला इंग्रजी शब्द सहा अक्षरांचा झाल्याशिवाय मर्यादा ओलांडत नाही. त्यामुळे इंग्रजी उदाहरणांवर चाचणी करणाऱ्याला ही चूक उशिरा दिसते.

उपाय: टेबलचा आकार १६, ३२, ६४ असा ठेवलास तर `%` ऐवजी `हॅश & (आकार − १)` कर, म्हणजे आकड्याचे फक्त खालचे बिट उरतात. मोहोळ बरोबर ४ वर येईल, सरांच्या यादीत आहे तसा. `मॅथ.ॲब्स` लावून चिन्ह काढू नकोस. इंटमधली सर्वांत लहान ऋण संख्या ॲब्सनंतरही ऋणच राहते, कारण तिची धन जोडीदार इंटमध्ये मावतच नाही. तशी किल्ली क्वचित येईल, पण आली की प्रोग्राम पडेल आणि कारण शोधता शोधता रात्र जाईल.

पायथॉनवाल्यांना हा त्रास नाही. तिथे पूर्णांकाला मर्यादा नाही आणि धन संख्येने भागल्यावर बाकी कधी ऋण येत नाही.

पूर्वभाग

धाग्याबद्दल आभार. एक मुद्दा मांडतो, कारण तो बहुतेक ठिकाणी सांगितला जात नाही.

जुळेसोलापूरकर, तुम्ही राम-रमाचं उदाहरण बेरजेविरुद्ध दिलंत आणि ३१ वर आलात. आता ३१ चं सूत्र लावून १६ बकेटमध्ये तेच चार शब्द टाका. रामचा हॅश २३,३५,९६८, रमाचा २३,३५,४८८, मारचा २३,३४,०४८. तिघंही १६ ने निःशेष जातात, तिघंही बकेट ० मध्ये! एकटा मरा १२ मध्ये जातो.

कारण साधं आहे. ३१ म्हणजे ३२ वजा १. १६ किंवा ३२ ची बाकी काढताना ३१ ने गुणणं म्हणजे −१ ने गुणणं. मग अख्खं सूत्र एक आड एक बेरीज-वजाबाकी होऊन बसतं: शेवटचं अक्षर अधिक, त्याआधीचं उणे, त्याआधीचं अधिक. एक सोडून एक असलेली अक्षरं आपसात बदलली तर बकेट बदलत नाही. राम-रमात शेजारचे काना आणि म बदललेत, पण त्यांच्या कोडांत बरोबर १६ चा फरक आहे, म्हणून तिथेही बाकी तीच. डीजेबी२ नावाचं प्रसिद्ध फंक्शन ५३८१ पासून सुरू होतं आणि ३३ ने गुणतं. ३३ म्हणजे ३२ अधिक १, म्हणून १६ किंवा ३२ बकेटमध्ये तर ते पुन्हा नुसत्या बेरजेवर येतं. तिथे राम, रमा, मार, मरा चौघंही एकत्र.

गुणकाला दोष नाही, गुणक आणि टेबलचा आकार यांची जोडी बघावी लागते. १७ बकेट घ्या, मूळ संख्या. त्याच ३१ च्या सूत्राने राम १५, रमा ११, मार १६, मरा ४. चौघं चार ठिकाणी.

आकार दोनच्या घातांकातच ठेवायचा असेल तर बाकी काढण्याआधी आकडा घुसळायचा. जावाचा हॅशमॅप वरचे १६ बिट खालच्या बिटांवर एक्सऑर करतो (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०). आपल्या तीन शब्दांना मात्र त्याचा उपयोग होत नाही, कारण तिघांच्याही वरच्या भागात ३५ च आहे. दुसरी पद्धत म्हणजे २,६५,४४,३५,७६९ ने गुणून, ३२ बिटांतले वरचे ४ बिट घेणं. हा आकडा सुवर्ण गुणोत्तरावरून आलेला आहे. त्याने राम ९ वर, मरा ६ वर आणि रमा-मार दोघं १५ वर. एक टक्कर राहिली, पण ती योगायोगाची आहे. ठरावीक साच्यामुळे होणारी टक्कर वेगळी, कारण तुमच्या किल्ल्या त्या साच्यातल्या असतील तर ती पुन्हा पुन्हा होते.

जुळेसोलापूरकर

पूर्वभाग, हे फार मोलाचं. मुलांकडून १६ आणि १७ दोन्ही आकारांवर चालवून घेतो.

भीमाकाठ

लई दिवसांनी असा धागा आला ओ.

थोडा इतिहास सांगतो, सोलापूरकरांना आवडेल असा. हॅशिंगची कल्पना पहिल्यांदा लेखी मांडली हान्स पीटर लून यांनी, आयबीएममध्ये, १९५३ च्या जानेवारीत, अंतर्गत टिपणात. बकेट आणि त्यात साखळी, म्हणजे धागाकर्त्याने वर लिहिलंय तेच. क्रेडिट कार्डच्या नंबरातला शेवटचा अंक तपासायची पद्धतही त्यांचीच. पण हे गृहस्थ मुळात कापड धंद्यातले. आयबीएममध्ये जायच्या आधी त्यांनी कापडातले धागे मोजायचं उपकरण शोधलं होतं, लुनोमीटर नावाचं. कापडावर ठेवायचं आणि इंचाला किती धागे ते वाचायचं. आपल्या यंत्रमागवाल्या गावात हॅश टेबल शिकवताना ही गोष्ट पोरांना सांगायलाच पाहिजे.

दुसरी वाट त्याच सुमाराला आयबीएममध्येच निघाली. जीन ॲमडाल, इलेन मॅकग्रॉ, नॅथॅनियल रॉचेस्टर आणि आर्थर सॅम्युएल या मंडळींनी साखळी न ठेवता, जागा भरलेली असेल तर पुढच्या रिकाम्या जागेत टाकायची पद्धत वापरली. तिला लिनियर प्रोबिंग म्हणतात. धागाकर्त्यांनी तीही मुलांकडून करून घ्यावी. नुसती साखळी केली की पोरांना वाटतं झालं सगळं. खरी कसोटी प्रोबिंगमध्ये काढून टाकताना लागते.

सातरस्ता

भीमाकाठ यांना +१. तालुक्यांवरच दाखवतो.

प्रोबिंगने या क्रमाने टाका: मोहोळ, माळशिरस, करमाळा, दक्षिण सोलापूर, उत्तर सोलापूर, बार्शी.

मोहोळ ४ वर बसला. माळशिरसचं घर, म्हणजे हॅशने आलेली बकेट, ४; ते भरलंय, म्हणून ५ वर. करमाळा ६ वर. दक्षिण सोलापूरचं घर ६, भरलंय, ७ वर. उत्तर सोलापूरचं घर ७, तेही भरलं, ८ वर. बार्शी ९ वर. बघा, ४ ते ९ सलग पट्टा झाला. आता ४ ते ९ पैकी कुठेही नवीन नाव आलं की ते सरकत १० वर जाणार आणि पट्टा आणखी लांबणार. गर्दी गर्दीला ओढते.

आता करमाळा काढा. ६ नंबर सरळ रिकामा केला, आणि मग दक्षिण सोलापूर शोधलं. शोध ६ वर जातो, जागा रिकामी दिसते, उत्तर येतं 'नाही'. तालुका ७ वर बसलेला असूनही! शोध रिकाम्या जागेवर थांबतो हा नियम आपणच केलाय, आणि मधली जागा रिकामी करून आपणच तो मोडला.

दोन उपाय. एक, जागा रिकामी न करता तिथे 'इथे पूर्वी कोणीतरी होतं' अशी खूण ठेवायची. शोध त्या खुणेवरून पुढे जातो, नवीन नोंद तिथे बसू शकते. लिहायला सोपं, पण काढ-घाल फार असेल तर खुणाच खुणा साचतात आणि शोध मंदावतो. दुसरा उपाय, मागे सरकवणं. करमाळा गेला की दक्षिण सोलापूर ७ वरून ६ वर, आपल्या घरी. मग उत्तर सोलापूर ८ वरून ७ वर, तोही घरी. बार्शी ९ वर आहे आणि तिचं घरच ९, तिला हलवायचं नाही. १० रिकामी, थांबा. नियम असा, की कोणालाही त्याच्या घराच्या मागे ढकलायचं नाही. आणि पट्टा १५ वरून ० वर वळतो तेव्हा 'मागे' म्हणजे काय ते नीट तपासायचं. माढा १२, सांगोला १३, मंगळवेढा १४, अक्कलकोट १५ असे बसलेत. १५ च्या घरचं आणखी एक नाव आलं की ते ० वर जाणार. माझ्या मते ही चाचणी प्रत्येकाने हाताने, कागदावर करावी.

कोरीपाटी

कागदावर केलं दादा, आता समजलं. पण मग टेबल किती भरू द्यायचं? आणि मोठं करताना जुनी ॲरे नव्या ॲरेत कॉपी केली की झालं ना?

सातरस्ता

कॉपी करून चालत नाही. बकेट क्रमांक आकारावर अवलंबून असतो. ३२ बकेट केल्यावर मोहोळ ४ वरच राहतो पण माळशिरस २० वर जातो. तो जुन्या जागी ठेवलास तर शोध २० वर बघेल आणि रिकाम्या हाताने परत येईल. प्रत्येक किल्ली नव्याने टाकावी लागते. दुप्पट करताना प्रत्येक किल्ली एकतर जुन्या घरी राहते नाहीतर बरोबर १६ ने पुढे जाते. माढा १२, सांगोला २८. करमाळा आणि दक्षिण सोलापूर मात्र दोघंही २२ वर, त्यांची जोडी याही वेळी फुटत नाही.

किती भरू द्यायचं, यावर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९६२-६३ मध्येच गणित करून ठेवलंय. लिनियर प्रोबिंगमध्ये टेबल अर्धं भरलेलं असेल तर 'नाही' हे उत्तर मिळायला सरासरी २.५ जागा बघाव्या लागतात. ७५ टक्के भरलं की ८.५. ९० टक्के भरलं की ५०.५. म्हणून मोकळी जागा ठेवणं म्हणजे उधळपट्टी नाही. जावाचा हॅशमॅप साखळीवाला आहे, १६ पासून सुरू होतो आणि ७५ टक्क्यांवर दुप्पट होतो. पायथॉनची डिक्शनरी प्रोबिंगवाली, ती दोन-तृतीयांश भरली की वाढते. आपले ११ तालुके १६ च्या टेबलात म्हणजे जवळजवळ ६९ टक्के. जावा अजून थांबला असता, पायथॉनने टेबल आधीच मोठं केलं असतं.

आणि वाढवायचं ते दुपटीनेच. हजार नोंदी भरेपर्यंत दुपटीच्या पद्धतीत सगळी मिळून साधारण दीड हजार हलवाहलव होते. दर वेळी फक्त १६ जागा वाढवल्या तर तीच हलवाहलव चाळीस हजारांच्या वर जाते.

खतावणी

नमस्कार. मी प्रोग्रामर नाही, टॉवेल कारखानदारांचे हिशेब बघते. धाग्यात वहीचं उदाहरण आलं म्हणून वाचत गेले. मला रोज भेडसावणारी गोष्ट विचारते. एकाच माणसाचं खातं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनदा उघडतं. एकाने 'सिद्धेश्वर' टाइप केलेलं असतं, दुसऱ्याने 'सिध्देश्वर'. हे निदान डोळ्यांना दिसतं. पण 'कऱ्हाडकर' नावाची दोन खाती आहेत आणि मी दोन्ही अक्षर अक्षर ताडून बघितली, काडीचाही फरक नाही. तरी सॉफ्टवेअर म्हणतं दोन वेगळी. येणं एका खात्यात, जमा दुसऱ्यात. हा तुमच्या हॅशचा प्रकार आहे का?

पूर्वभाग

ताई, प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. हॅश त्यात निर्दोष आहे. गोंधळ 'सारखं' कशाला म्हणायचं याचा आहे.

'कऱ्हाड'मधला तो अर्धा र संगणकात तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एक, ऱ (२३५३) आणि हलन्त (२३८१). दोन, साधा र (२३५२), नुक्ता म्हणजे अक्षराखालचा ठिपका (२३६४) आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह (८२०५). पडद्यावर तिन्ही एकसारखे. कीबोर्ड वेगळा की साठवण वेगळी. युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाणीकरण दुसऱ्याला पहिल्यात बदलतं, तिसऱ्याला हात लावत नाही. 'ॲ'चं त्याहून अवघड. ॲ हा स्वतंत्र कोड (२४१८) आहे, युनिकोडमध्ये तो २००८ साली आला. त्याआधीची पद्धत म्हणजे अ (२३०९) वर अर्धचंद्र (२३७३). एनएफसी या दोघांना एक करत नाही. ॲडव्होकेट, ॲल्युमिनियम असं काहीही नावात असेल तर दोन खाती होणार.

सिद्धेश्वर आणि सिध्देश्वर यांची तर गंमतच आहे. द आणि ध एक सोडून एक जागी आहेत, म्हणजे वर सांगितलेल्या ३१ च्या साच्यात ते अदलाबदल झाले तरी बकेट तीच येते. १६ बकेटमध्ये दोघंही ० वर. एकाच यादीत शेजारी शेजारी, तरी दोन खाती, कारण '==' ला ते वेगळे आहेत.

कोरीपाटी

मग हॅश करण्याआधी सगळे अदृश्य कोड काढून टाकले तर?

पूर्वभाग

नको! ते आंधळेपणाने काढलंस तर दऱ्या आणि दर्या एक होतील. आचाऱ्याला आणि आचार्याला एक होतील. आधी र-हलन्त-जोडचिन्ह या तिकडीचं ऱ-हलन्त करायचं, अदृश्य चिन्हं काढायची ती त्यानंतर. क्रम चुकला की अर्थ गेला.

भीमाकाठ

त्याच हिशेबाने ध्द चा द्ध पण करून टाका की. मराठी शब्दांत ध्द हे जोडाक्षर शुद्धलेखनाने येतच नाही. आणि सुनिल-सुनील, सतिश-सतीश पण. ताईंचं काम सोपं होईल.

खतावणी

तसं नका करू. सुनिल आणि सुनील हे माझ्याकडे खरोखर दोन वेगळे गिऱ्हाईक आहेत, आडनावही एकच. लिहिणारा आपलं नाव जसं लिहितो तसं बँकेत, आधारवर, जीएसटीत असतं. सॉफ्टवेअरने परस्पर दोघांना एक केलं तर एकाची उधारी दुसऱ्याच्या माथी बसेल. दोन खाती वेगळी राहिली तर मी निदान जुळवू शकते. एकत्र झालेली खाती सोडवणं फार कठीण.

जुळेसोलापूरकर

ताईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ज्या फरकाला डोळ्यांना दिसणारं रूपच नाही, तो फक्त साठवणीचा आहे. तो हॅश करण्याआधी मिटवायचा, कारण कुठलाही माणूस त्यावरून दोन खाती वेगळी ओळखू शकणार नाही. जो फरक डोळ्यांना दिसतो, मग तो द्ध-ध्द असो की ऱ्हस्व-दीर्घ, तो टेबलने मिटवायचा नाही. तिथे प्रोग्रामने खातं उघडताना "असं एक नाव आधीच आहे, तेच का?" असं विचारावं, आणि हो म्हणायचं का ते हिशेब सांभाळणाऱ्याने ठरवावं. शोधण्यासाठी हवं तर दुसरं टेबल करा, ज्याची किल्ली सैल रूप आणि मूल्य म्हणजे मिळत्याजुळत्या खात्यांची यादी.

भीमाकाठ, तुमचा ध्द चा नियम त्या दुसऱ्या टेबलात जरूर घालू.

कोरीपाटी

आणखी एक विचारतो. मित्राने स्वतःचं फंक्शन न लिहिता पायथॉनचं तयार हॅश वापरलं. त्याच्याकडे पंढरपूरची बकेट दर वेळी प्रोग्राम चालवला की बदलते. हे कसं?

सातरस्ता

ते मुद्दाम केलेलं आहे. फंक्शन सगळ्यांना माहीत असेल तर कोणी वाईट हेतूने एकाच बकेटमध्ये पडणाऱ्या हजारो किल्ल्या तयार करून सर्व्हरला पाठवू शकतो. मग प्रत्येक नोंद घालताना अख्खी यादी चाळावी लागते आणि सर्व्हर आडवा होतो. क्रॉस्बी आणि वॉलॅक यांनी २००३ मध्ये हे दाखवलं होतं. २०११ च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत पुन्हा दाखवल्यावर भाषा तयार करणारे जागे झाले. पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगच्या हॅशमध्ये दर वेळी नवी गुप्त संख्या मिसळली जाते, ३.४ पासून त्यासाठी सिपहॅश नावाचं हॅश फंक्शन वापरतात. जावा ८ ने वेगळा मार्ग घेतला: एका बकेटमधली यादी फार लांबली की तिचं संतुलित झाड करायचं.

त्यावरून व्यवहाराची गोष्ट. पायथॉनचं हॅश फाइलमध्ये साठवून उद्या वापरता येत नाही. आपल्या शिकायच्या टेबलसाठी सरांचं ३१ वालं ठेव, म्हणजे सगळ्यांचे आकडे जुळतील.

कोरीपाटी

शेवटचं. हॅश काढायचं ते नीट केलेल्या किल्लीवर की ताईंनी टाइप केलेल्या मूळ नावावर? आणि '==' कशावर?

जुळेसोलापूरकर

दोन्ही नीट केलेल्या किल्लीवर. '==' ज्यांना एक म्हणतं त्यांचा हॅश एकच यायला हवा. हॅश मूळ नावावर आणि '==' नीट केलेल्यावर असं केलंस तर कऱ्हाडकर दोन वेगळ्या बकेटमध्ये पडतील आणि '==' ला त्यांची गाठच पडणार नाही. मूळ नाव मूल्यासोबत ठेव, बिलावर तेच छापायचं. हॅशचा पूर्ण आकडाही जोडीत साठवून ठेव. टेबल दुप्पट करताना तो पुन्हा काढावा लागत नाही, आणि यादीत शोधताना आधी आकडे ताडून बघता येतात. आकडाच वेगळा असेल तर अख्खं नाव ताडायची गरज नाही.

खतावणी ताई, ती दोन कऱ्हाडकर खाती कोणत्या कोडांनी साठवलीत ते बघायला चार ओळींचा प्रोग्राम पुरतो. रविवारी मुलांकडून लिहून घेतो आणि इथेच टाकतो. तुम्ही फक्त दोन्ही नावं त्यात चिकटवायची, प्रत्येक अक्षराचा क्रमांक समोर येईल.

खतावणी

चालेल. तोपर्यंत दोन्ही खात्यांवर नवी नोंद थांबवते.